दिवसाला एक फ्रेम
(वसंत व्याख्यानमालेत बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



रानावनाचं आणि डोंगरदऱ्यांचं चित्रण करणारा माणूस बोलायला उभा राहिला की ज्वालामुखी, पूर, वाघाची झेप असं काहीतरी ऐकायला मिळेल, अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज फक्त तुमच्या लोणार सरोवराबद्दल बोलणार आहे. भूभाग घडवणाऱ्या शक्ती कॅमेऱ्यात कशा पकडायच्या, हा प्रश्न घेऊन मी पुष्कळ हिंडलो. त्याचं उत्तर मला तुमच्या जिल्ह्यात, त्या काठावर मिळालं.

मी पहिल्यांदा लोणारच्या काठावर ट्रायपॉड लावला, तेव्हा जवळची सगळ्यांत रुंद लेन्स चढवली. सरोवर त्या एका चौकटीत मावलं आणि तिथंच माझी चूक झाली. घरी येऊन पाहिलं तर पडद्यावर एक हिरवी वाटी आणि तिच्या तळाशी थोडं पाणी. १.८ किलोमीटर व्यासाचं, काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल असलेलं ते विवर गावतळ्याएवढं दिसत होतं. रुंद लेन्स उतार सपाट करते आणि दुपारचं ऊन सावल्या खाऊन टाकतं. मग शिकलो, की सकाळी तिरप्या उन्हात यायचं, लांब पल्ल्याची लेन्स लावायची आणि समोरच्या कड्यावरून उतरणारा माणूस चौकटीत येईपर्यंत थांबायचं. तो ठिपक्याएवढा माणूस दिसला की खोली एकदम कळते. विवराच्या तळातून मोराची केका वर येते, तिलाही यायला किती वेळ लागतो ते कान ओळखतो. ध्वनीसुद्धा आकार सांगतो.

पण आकार दाखवला म्हणजे शक्ती दाखवली, असं होत नाही. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्यानं मला विचारलं होतं, "काय पाहून राहिले बाप्पा इतक्या वेळचे?" मी म्हटलं, तळं पाहतोय. तो म्हणाला, "तळं तं रोज बदलते. तुमाले एका दिवसात काय दिसन?" त्या वेळी मी हसून मान डोलावली. आजचं माझं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यावर उभं आहे.

हे विवर झालं कसं, ते तुम्ही शाळेत शिकला आहात. अवकाशातून आलेला एक पाषाण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आदळला. खडकाचे थर उचलले गेले, काठावर उलटे पडले, चुरा चारी बाजूंना फेकला गेला. हे सारं मिनिटभराच्या आत. कॅमेरा हे टिपू शकत नाही. तो तिथं नव्हता आणि असता तर उरला नसता.

मग आपल्याला हे कळलं कशावरून? खुणांवरून. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली, पण पुढं शंभराहून अधिक वर्षं पुष्कळ अभ्यासक याला ज्वालामुखीचं मुख समजत राहिले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून तळाला वेधछिद्रं घेतली. सुमारे शंभर मीटर गाळाखाली भरडलेला, चेचलेला खडक निघाला आणि त्यात मॅस्केलिनाइट. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ प्रचंड धक्क्यानं काचेसारखं झालं, की त्याला हे नाव मिळतं. ज्वालामुखीत ते घडत नाही. कपाळावरची खोक पाहून दगड केवढा होता ते ओळखावं, तशी ही साक्ष. चंद्रावरची काळी मैदानंही बेसाल्टचीच, म्हणून तिथली विवरं समजून घेणारे शास्त्रज्ञ पृथ्वीवर लोणारला येतात.

अशीच खुणांवरून कळलेली तुमच्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट आठवते. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतं, रस्ते, नाले तुडवत, १,३०० किलोमीटरहून जास्त चालून तुमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्या चालण्याचं चित्रण कुणीही केलेलं नाही. गळ्यातल्या रेडिओ कॉलरनं पाठवलेले ठिपके जोडले आणि नकाशावर त्याची वाट उमटली. निसर्गातल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टी बहुधा कॅमेऱ्याच्या पाठीमागे होतात. चित्रकर्त्यानं ठिपके जोडायला शिकलं पाहिजे.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, या भूमीवर कुणीतरी एक अमर कॅमेरा लावून ठेवला आहे आणि तो वर्षाला एक फ्रेम घेतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे २४ वर्षं एका सेकंदात. दख्खनचा लाव्हा पसरला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. तिथून सुरू केलेला हा चित्रपट न थांबता एक महिना चालेल. महिनाभर आपण काळा खडक पाहत बसू, त्यावर माती, माती वाहून नेणारे पाऊस, झाडी. लोणार कधी येईल? सरोवराच्या वयाबद्दल दोन मोजमापं आहेत. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉनच्या मोजणीनं सुमारे ५ लाख ७० हजार. पहिलं खरं धरलं तर लोणार चित्रपटाच्या शेवटच्या ३६ मिनिटांत येतं. दुसरं धरलं तर शेवटच्या साडेसहा तासांत. आणि तो आघात? तो दिसणारच नाही. दोन फ्रेमच्या मधल्या अंधारात तो होऊन जाईल. एका फ्रेममध्ये माळ असेल, पुढच्या फ्रेममध्ये खड्डा. अलेक्झांडरपासून आजपर्यंतचा सगळा काळ आठ-साडेआठ सेकंदांचा.

हा हिशेब मांडल्यावर लोणासुराची कथा मला वेगळी ऐकू येऊ लागली. भूमीखाली दडून बसलेल्या त्या दैत्याच्या बिळावरचं झाकण देवानं उडवून लावलं, ही कथा तुम्ही दैत्यसूदनाच्या देवळात लहानपणापासून ऐकत आला आहात. तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस नव्हता. पण उलटलेले थर आणि काठाभोवती विखुरलेले दगड पाहून कुणाच्या तरी मनात आलं, की इथं काहीतरी उघडलं गेलंय, फेकलं गेलंय. जमिनीकडे टक लावून पाहणाऱ्या माणसांची ती कल्पना आहे, म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे.

आघात गेला, पण शक्ती थांबल्या नाहीत. आजही तिथं काम चालू आहे, फक्त ते मंद आहे. ईशान्येकडची धार पाहा. गोमुखातून अखंड येणाऱ्या त्या पाण्यानं आणि दर पावसाळ्याच्या लोंढ्यांनी काठाला घळ पाडली आणि खाली मातीचा पंखा पसरला. विवर तोडणारं आणि विवर भरणारं पाणी एकच. ज्या शंभर मीटर गाळातून वेधछिद्रं खाली गेली, तो गाळ याच पाण्यानं चिमूटचिमूट आणून टाकलेला आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ते फक्त उन्हानं वर जातं आणि क्षार मागे ठेवतं. म्हणून काठाशी गोड झरे आणि मध्ये खारं, साबणासारखं अल्कधर्मी पाणी. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी कमळजेच्या देवळाकडे सरकतं, दुष्काळात पांढऱ्या क्षाराचा पट्टा मागे ठेवून आत जातं. श्वास घ्यावा तसं हे तळं फुगतं आणि ओसरतं, पण एक श्वास वर्षाचा असतो.

जून २०२० मध्ये या तळ्यानं साऱ्या देशाला आपल्याकडे पाहायला लावलं. पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचा काळ, लोक घरात, आणि मोबाइलवर ती चित्रं फिरू लागली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याची तपासणी केली. क्षार आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले होते आणि गुलाबी रंग त्यांचा होता. पाऊस कमी, उष्णता जास्त, पाणी आटून क्षार वाढलेले, म्हणून त्यांचं फावलं. प्रयोगशाळेत नमुना स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

मला मात्र त्या गुलाबी चित्रांत एक उणीव खटकत राहिली. जवळजवळ सगळी चित्रं गुलाबी झाल्यानंतरची. कुठल्या दिवशी रंग पालटायला लागला, कुठल्या काठाकडून, आदल्या आठवड्यात पाणी किती मागे सरलं होतं, हे एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, रोज टिपलेलं असतं तर? आश्चर्य टिपायला आपण धावतो. आश्चर्य घडत असताना मात्र आपण तिथं नसतो. काठावर आणि उतारावर वेडी बाभूळ किती पसरली, धारेचा पंखा कुठवर सरकला, तेही एखाद्या सुंदर ड्रोनच्या फेरीत कळत नाही. दोन चित्रं शेजारी ठेवली तर कळतं.

आणि ही दृष्टी आपल्याला कुणाकडून उसनी आणावी लागत नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी पैसा हवा होता आणि धनकोंना विश्वास वाटत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतरानं फ्रेम घेतल्या. पडद्यावर अंकुर फुटला, देठ वर चढला, वेल वाढली. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रणाचं नाव. ते पाहून पैसा मिळाला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आपल्या चित्रपटाच्या मुळाशी देवदानवांच्या आधी एक कुंडी आहे, आणि महिनाभर तिच्यासमोरून न हललेला एक माणूस. अंकुराला वर ढकलणारी शक्तीही डोळ्यांना दिसत नाही. फाळक्यांनी ती यंत्रानं दाखवली, पण खरं तर दाखवली ती चिकाटीनं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागून थांबतो. लोणारला राहणाऱ्या मुलामुलींनी, शिक्षकांनी काठावरची एक खुली जागा ठरवावी. एखाद्या दगडावर खूण करावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, त्याच खुणेवर मोबाइल टेकवून, त्याच दिशेला एक चित्र घ्यावं. आभाळ भरलेलं असलं तरी, तळं रोजच्यासारखंच दिसत असलं तरी. सुट्टीत पाळ्या लावाव्यात. खाली तारीख लिहावी. वर्षाला ३६५ चित्रं होतील आणि पडद्यावर ती अवघी १५ सेकंद चालतील. त्या १५ सेकंदांत पावसाळा येईल, पाणी चढेल, उतार हिरवे होतील, मग पिवळे पडतील आणि पांढरा पट्टा उघडा पडेल. आज पहिलीत असलेल्या मुलानं हे काम साठीपर्यंत चालू ठेवलं, तर १३-१४ मिनिटांचा चित्रपट तयार होईल. तसा लोणारचा चित्रपट माझ्याकडून कधी होणार नाही, कारण मी येतो आणि जातो. तो इथं राहणाऱ्यालाच करता येईल.

त्या गुराख्यानं मला विचारलं होतं, एका दिवसात काय दिसणार? बाबा, एका दिवसात एक फ्रेम दिसते. पुढच्या वसंतात तुम्ही मला पुन्हा बोलावलंत, तर मी व्याख्यान देणार नाही. हे दिवे मालवू, आणि तुमची १५ सेकंदं सगळे मिळून पाहू.