चाळीस अंश, पण कुठले?



अमेरिकेतली लेक फोनवर सांगते,
"आई, आज इथं ४० डिग्री आहे. स्वेटर घातलाय."

नागपूरची आई चक्रावते.
४० ला स्वेटर?

लेकीचे ४० फॅरनहाइटमधले.
आपल्या सेल्सिअसमध्ये ते जेमतेम ४.
म्हणजे फ्रिजच्या आतली थंडी!

तसं फॅरनहाइट आपल्याही घरात आहेच.
हवेचं तापमान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो.
अंगातला ताप मात्र अजूनही फॅरनहाइटमध्ये सांगतो.
ही सवय काही सुटत नाही.

आता सेल्सिअसचे फॅरनहाइट करायचा तोंडी हिशेब.

सेल्सिअसची दुप्पट करा.
त्यात ३० मिळवा.

२० ची दुप्पट ४०.
अधिक ३०. झाले ७०.

खरा आकडा ६८.
पण कपडे ठरवायला एवढं पुरे.
२० म्हणजे सुखद हवा.

पुन्हा सांगते.
दुप्पट करा, ३० मिळवा.

फॅरनहाइटवरून यायचं असेल, तर उलट.
आधी ३० वजा करा.
मग निम्मे करा.

मात्र तापासाठी हा हिशेब नको.
बाळाचा ताप सेल्सिअसमध्ये ३८ असेल, तर या हिशेबाने येतील १०६!
घरात नुसती पळापळ.
खरा ताप १०० च्या जरासा वर.
तापासाठी थर्मामीटरवरच विश्वास ठेवा.

आणि हो, आकडा एकच असला तरी अंगाला तो सारखा लागत नाही.
मुंबईच्या दमट हवेतले ३२ पुण्याच्या कोरड्या ३२ पेक्षा जास्त छळतात.
कारण दमट हवेत घाम लवकर वाळत नाही.