किनाऱ्यावर बसलेला पांढरा पक्षी

आज एका समुद्रपक्ष्याची ओळख करून घेऊ. आमच्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे बोलणं.

गेल्या आषाढात मोठं वारं सुटलं होतं. लाटांनी आणलेली लाकडं गोळा करायला आम्ही गटातल्या चौघीजणी किनाऱ्यावर गेलो, तर वाळूत एक मोठा पांढरा पक्षी बसलेला. कोणी म्हणालं बदक, कोणी म्हणालं कुरव. जवळ गेलो तरी उडेना. पाण्यातला जीव पाण्यातच बरा, असं म्हणून आम्ही त्याला लाटेत सोडलं. दुसऱ्या दिवशी तो तिथेच मरून पडलेला. मोबाइलमधला फोटो दाखवला तेव्हा वनरक्षकांनी सांगितलं, हा मास्क्ड बूबी.

तो ओळखायचा कसा? अंग पांढरं, पंखांची मागची कड आणि शेपूट काळी. चोच लांब, टोकदार, पिवळसर. चोचीच्या मुळाशी काळा मुखवटा, म्हणून हे नाव. लहान वयाच्या पक्ष्याचं डोकं आणि पाठ तपकिरी असते. मग पाय बघा. बदकाची आणि कुरवाची पुढची तीन बोटं पडद्याने जोडलेली असतात, याची चारही. महिनाही बघा. कुरव आपल्याकडे येतात ते थंडीत.

याचं घर खोल समुद्र. उंचावरून सूर मारून मासे पकडायचे आणि अंडी घालायला बेटावर जायचं, हे त्याचं जगणं. पावसाळी वाऱ्यात भरकटला, की उपाशी, थकलेला असा किनाऱ्याला लागतो. त्याला परत लाटेत ढकलणं म्हणजे मरायला सोडणं.

मग करायचं काय? अंगावर जुनी साडी टाकून पंख मिटवून धरा. आपलं तोंड लांब ठेवा, तो चोच मारतो. पण चोच बांधू नका. त्याच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, कोरड्या, शांत जागी ठेवा. कुत्री आणि पोरं लांब ठेवा. मासा भरवू नका, तोंडात पाणी ओतू नका. लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आता वारं सुटलं, की किनाऱ्यावर जाताना आम्ही एक जुनी साडी बरोबर नेतो. तुम्हीही न्या.