गोठ्यातील ज्ञान आणि शेतमजुराचा हक्क

(तंजावरच्या अनुभवाच्या आधारे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजी राजांचे नाव आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्या ग्रंथालयात हत्ती व घोडे यांच्या लक्षणांचे आणि उपचारांचे ग्रंथ जतन केलेले आहेत. राजाच्या स्वारीच्या जनावरांसाठी शास्त्र लिहिले गेले. परंतु कावेरीच्या खोऱ्यात मिरासदारांची गुरे ज्यांनी पिढ्यानपिढ्या राखली, त्या ‘पण्णैयाळ’ म्हणजे बांधील दलित शेतमजुरांच्या ज्ञानाला कोणी शास्त्र म्हटले नाही. उलट कामात कसूर झाल्याचा नुसता आरोप झाला तरी त्यांच्या वाट्याला चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी येई. ज्या गोठ्यात राबायचे, त्याच गोठ्यातील शेण त्यांच्या अपमानाचे साधन केले गेले होते.

ही प्रथा कोणाच्या दयेने संपली नाही. ठाणे जिल्ह्यातील वारली बांधव १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्याच दशकात तंजावरमध्ये कॉ. बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याखाली संघटित झालेल्या शेतमजुरांनी चाबूक आणि शेणपाणी हद्दपार केले. १९५२ साली पण्णैयाळ संरक्षण कायदा झाला. जमीनदारांनी या जागृतीचा सूड कसा घेतला, हे २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे जगाने पाहिले. मजुरीवाढीच्या लढ्यात उभ्या असलेल्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जण, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जिवंत जाळले गेले.

दुग्धव्यवसायातील प्रशिक्षणाचा विचार करताना हा इतिहास समोर ठेवावा लागतो. प्रशिक्षणाचा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. मुळात तो श्रमाला प्रतिष्ठा आणि मोबदला देण्याचा प्रश्न आहे.

१९७० साली सुरू झालेली ‘दूध महापूर’ योजना १९९६ पर्यंत चालली आणि १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात अग्रस्थानी आहे. या यशाचा फार मोठा भाग एक-दोन जनावरे सांभाळणाऱ्या भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचा, त्यातही स्त्रियांचा आहे. चारा आणणे, शेण काढणे, धार काढणे, वासरू जगवणे ही कामे त्यांची. परंतु सभासदत्वाचे पुस्तक, कर्ज आणि प्रशिक्षणाचे निमंत्रण बहुधा पुरुषाच्या किंवा मालकाच्या नावे येते. मोठ्या गोठ्यांतील रोजंदारीच्या मजुराला तर कोणी विचारतच नाही. गाय ज्याच्या मालकीची, त्याला शिक्षण; गाय ज्याच्या हाताखाली, तो अडाणी, अशी ही व्यवस्था आहे.

वास्तविक रोगाची पहिली खूण याच हातांना कळते. कास तापली, धारेत गाठी आल्या, वैरण सुटली, हे डॉक्टर येण्यापूर्वी धार काढणाऱ्याच्या ध्यानात येते. अंगठा दुमडून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढली तर सडाला इजा होत नाही. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक पाजला तर त्याची रोगप्रतिकारशक्ती बळावते. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी, संध्याकाळी आली तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन करावे. या साध्या गोष्टींवर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

तंजावरने या बाबतीत एक मोलाचा धडा दिला आहे. तामिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाच्या तेथील केंद्रात प्रा. एन. पुण्णियमूर्ती यांनी लोकांमधील पारंपरिक औषधज्ञान गोळा करून ते पद्धतशीरपणे शिकवण्याचे काम केले. कोरफड, हळद आणि चुना यांचा कासदाहावरील लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे देशभरच्या सहकारी संघांपर्यंत नेला. २०१२ साली त्याच जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. श्रमिकांचे ज्ञान विद्यापीठात जाऊन तपासले गेले आणि पुन्हा श्रमिकांकडे परतले. शिक्षणाची दिशा अशीच असावयास हवी.

मात्र येथे सावधही राहिले पाहिजे. लेप हा पशुवैद्याच्या रिकाम्या जागेला पर्याय नव्हे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘ए-हेल्प’ योजनेत बचत गटांतील ‘पशुसखीं’ना प्रशिक्षण दिले जाते, गावपातळीवर हा उपक्रम निश्चितच उपयुक्त आहे. पण कामागणिक तुटपुंजा मोबदला देऊन त्यांना ‘स्वयंसेविका’ ठेवणे म्हणजे आशा कार्यकर्तींवर झालेल्या अन्यायाचीच पुनरावृत्ती होय.

धोक्याचा प्रश्नही आहेच. ब्रुसेलोसिस हा रोग जनावरापासून माणसाला होतो. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने उचलणारा मजूर दीर्घकाळ तापाने आणि सांधेदुखीने खंगतो. तरीही हा त्याच्या धंद्याचा रोग आहे, हे मालक मान्य करीत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे. कालवडीला लस मिळते, तशी मजुराला हातमोजे, तपासणी आणि औषधोपचार मिळालेच पाहिजेत.

म्हणून शेतमजूर संघटनांनी आणि दूध उत्पादकांच्या संघटनांनी पुढील मागण्या एकत्रितपणे मांडाव्यात. प्रशिक्षण मजुराच्या मातृभाषेत, गोठ्यातच आणि पूर्ण मजुरीसह व्हावे. ते एकदाच न होता दरवर्षी नव्या रोगांची व औषधांची माहिती देणारे असावे. प्रमाणपत्राबरोबर कुशल कामगाराचा मजुरीदर मिळावा. पशुसखींना नियमित मानधन व सामाजिक सुरक्षा द्यावी आणि पशुवैद्यांची रिक्त पदे भरावीत. गोठ्यात राबणाऱ्या स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावे सहकारी संस्थेचे सभासदत्व मिळावे.

या मागण्या केवळ निवेदनांनी पदरात पडणार नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील गोठ्यांत जाऊन धार कोण काढते, मजुरी किती मिळते, शिक्षण कोणाला मिळाले, याची पाहणी करावी आणि तिच्या आधारे गावसभा घ्याव्यात. शेणपाणी पाजणारी सत्ता तंजावरच्या शेतमजुरांनी संघटनेच्या बळावर मोडली. त्यांच्या वारसांच्या ज्ञानाला मोल मिळवून देण्याचे कार्य अपुरे आहे. ते पुढे नेणे ही आपली जबाबदारी आहे.