कानपूरचे लिबरेटर

दिल्लीत पालम येथील हवाई दल संग्रहालयात चार इंजिनांचे एक अवजड बॉम्बफेकी विमान आहे: बी-२४ लिबरेटर. अमेरिकन बनावटीचे, पण आले कानपूरच्या भंगारातून. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या फौजांनी ही विमाने तिथे टाकून दिली. पुन्हा कोणी उडवू नयेत, म्हणून ती मुद्दाम मोडलीही.

१९४८ मध्ये बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने या ढिगातून विमाने निवडली. उडण्यापुरती डागडुजी कानपुरातच करून वैमानिक मुन्शी एकेक विमान बेंगळुरूला नेत. हे धाडसच होते! सुमारे ४० विमाने अशी पुन्हा उभी राहिली. भारतीय हवाई दलात काही वर्षे त्यांचा तळ पुण्यातही होता. समुद्रावर टेहळणीचे काम केल्यानंतर १९६८ मध्ये ती निवृत्त झाली.

इतरत्र या जातीची हजारो विमाने तोवर वितळवली गेली होती. त्यामुळे संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली. ब्रिटनच्या शाही हवाई दलाचे संग्रहालय, कॅनडातील ओटावा आणि अमेरिकेतील पिमा येथील लिबरेटर भारतीय हवाई दलाकडूनच गेले. ब्रिटनमधील विमानाचा जुना ब्रिटिश क्रमांक केएन ७५१ असा आहे.