व्यसन, मेंदू आणि तिसरा दिवस
(वार्षिक सभेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



मांडीचे हाड मोडलेला माणूस रुग्णालयात दाखल होतो. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते. तिसऱ्या दिवशी मात्र तो थरथरू लागतो, अंगावर किडे चालत असल्याचे सांगतो, सलाईनची नळी उपसू पाहतो. घरचे म्हणतात, भूल मानवली नाही. कोणी बाहेरची बाधाही म्हणते. तो रोज दारू घेत असे, हे तोवर लाजेपोटी कोणी सांगितलेले नसते. असे प्रसंग कोणत्याही रुग्णालयाला नवे नाहीत. त्यामागील शास्त्र आज आपणांपुढे ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.

मेंदूतील पेशींवर रासायनिक संदेश स्वीकारणारी प्रथिने असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात; आपण ग्राही म्हणू. अफूतील द्रव्य ज्यावर जाऊन बसते, तो ग्राही १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिला. मद्याचे कार्य याहून गुंतागुंतीचे आहे. ते ‘गाबा’ या शामक संदेशाच्या ग्राहींना बळ देते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक संदेशाच्या काही ग्राहींना दडपते. वर्षानुवर्षे असे चालले की तोल राखण्यासाठी मेंदू पहिल्यांचा प्रतिसाद घटवितो व दुसऱ्यांचा वाढवितो. अशा वेळी मद्य एकाएकी थांबले, तर उत्तेजनेला आवर घालणारे काही उरत नाही.

या विषयावर आपल्या नागपुरातच मोलाचे काम झाले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्याची सवय लावलेल्या उंदरांचे मद्य बंद करताच त्यांच्यात भीतीची लक्षणे दिसली. मेंदूतील अमिग्डाला या भागात ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडचे प्रमाण वाढले होते. त्याला तेथेच निष्प्रभ केले असता भीती ओसरली. यातून माणसासाठी औषध अद्याप निघालेले नाही. परंतु उंदराला ना निर्धार असतो, ना वाईट संगत, तरीही तो घाबरतो. मग मद्य सोडताना घाबरणाऱ्या माणसाला दुबळ्या मनाचा ठरविण्याचा आपल्याला काय अधिकार?

श्रावण लागला की सोडतो, असे म्हणणारे पुष्कळ असतात. काही घरांत तर माणसाला खोलीत कोंडतात. हेतू चांगला, पण रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. भ्रम बहुधा त्यानंतर होतो. डायझेपॅमसारखी औषधे त्याच गाबा-ग्राहींवर काम करतात आणि ती वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. सलाईनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायामिन हे जीवनसत्त्व द्यावे लागते, अन्यथा मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ही औषधे महाग नाहीत. महाग आहे ती रात्रभर खाटेजवळ थांबणारी परिचारिका. नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, तिच्या रात्रपाळीवर येत नाही. तरी तिच्यासाठी दिलेला पैसा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

नातेवाइकांना एकच विनंती. दाखल करतेवेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे : रोज किती, शेवटचे केव्हा, आणि पूर्वी सोडताना झटके आले होते काय.