घरचा संगणक आणि आपला आवाज



जेथे इतिहासाची आणि वाङ्मयाची चर्चा व्हावयाची, त्या व्यासपीठावर हेडसेटसारख्या किरकोळ वस्तूचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या कामोठ्यात घराघरांतून शाळा भरली, कचेरी भरली, आणि ही वस्तू किरकोळ राहिली नाही. आजही नोकरीची मुलाखत, मुलांची तोंडी परीक्षा, परगावच्या लेकीशी बोलणे, हे सारे तिच्यावर चालते. उत्तर येत असूनही ते परीक्षकापर्यंत पोहोचले नाही, तर गुण कसे मिळावेत?

हेडसेट घेताना आपण तो कानाला लावतो, गाणे गोड वाजले की पैसे मोजतो. येथेच एक गोष्ट निसटते. कानावरचा भाग आपल्या सोयीचा. तोंडापुढचा माइक मात्र समोरच्यासाठी असतो, आणि त्याचा दोष बोलणाऱ्याला सहसा कळतच नाही. म्हणून दुकानातच चार वाक्ये बोलून ती मुद्रित करावीत आणि ऐकावीत. स, श, च ही अक्षरे वेगवेगळी उमटली, तर माइक चांगला समजावा. खोक्यावर ‘गोंगाट कमी करतो’ असे छापलेले असते. कोणाचा, ते विचारावे. काही हेडसेट आपल्या कानातला गोंगाट घालवतात, काही समोरच्याच्या.

किमतीपेक्षाही अंतराचा हिशेब मोठा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. आपल्याकडे इमारती एकमेकींना लागून. वर पंखा, आत कुकरची शिट्टी, बाहेर शीव-पनवेल महामार्गाची वर्दळ. अशा घरात टेबलावर हातभर दूर ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर असलेला साधा माइक पुष्कळदा बरा ठरतो. तो अगदी तोंडासमोर नसावा. प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका बसतो.

आता बिघाडाकडे वळू. हेडसेटमधला माइक बहुधा १९६२ साली जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेसलर यांनी बेल प्रयोगशाळेत शोधलेल्या जातीचा असतो. त्याला थोडी वीज लागते, आणि ती पिनेतूनच मिळते. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन वलये असतात. जुन्या संगणकाला मात्र दोन छिद्रे, हिरवे कानासाठी, गुलाबी माइकसाठी. अशा संगणकात ती एकच पिन खुपसली की ऐकू येते, पण बोलणे जात नाही. हेडसेट बिघडला म्हणून आपण तो टाकून देतो. खरे म्हणजे दोन पिना करणारा एक स्वस्त जोड पुरे असतो. यूएसबीच्या हेडसेटला ही अडचण नाही. ब्लूटूथचा माइक सुरू होताच कानातला आवाज पुष्कळदा उतरतो. हा बिघाड नव्हे.

माइक मुका झाला, तर क्रम ठेवावा. आधी तारेवरची आवाज बंद करणारी कळ पाहावी. मग संगणकाने कोणता माइक धरला आहे ते तपासावे. कॅमेऱ्यातही एक दडलेला असतो. त्यानंतर परवानगी, आणि शेवटी तोच हेडसेट दुसऱ्या यंत्राला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठे होता ते कळते. लॅपटॉपवर घूं असा नाद आला, तर चार्जर काढून पाहावा. नाद थांबला तर खोट विजेच्या बाजूला आहे. स्वतःचाच आवाज परत ऐकू आला, तर तो बहुधा समोरच्याच्या स्पीकरमधून त्याच्या माइकमध्ये शिरत असतो. आपला हेडसेट बदलून उपयोग नाही, त्याला तो लावावयास सांगावे.

घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला आवाज एकदा मुद्रित करून ऐकावा, एवढीच विनंती. समोरचा माणूस भिडेस्तव ‘ऐकू येते’ म्हणत असतो; त्याचे कष्ट तेव्हा आपल्याला कळतील.