बडोगच्या बोगद्यातला साहेब

सिमल्याला जाऊन आलेल्या बायका बर्फाचं सांगतात, सफरचंदांचं सांगतात. मी आज एका अर्धवट बोगद्याचं सांगणार आहे. त्यात भूत आहे म्हणतात. रात्रीचं ऐकत असाल तरी हरकत नाही, ते भूत गरीब आहे.

कालका ते सिमला ही छोटी गाडी 1903 साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, आणि 96 किलोमीटरच्या वाटेवर शंभराहून जास्त बोगदे. 2008 साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हटलं. त्यातला सगळ्यात लांब बोगदा 33 नंबरचा, 1143 मीटरचा. कुमारहट्टी सोडलं की गाडी त्यात शिरते आणि बाहेर येते ती थेट बडोग स्टेशनात.

बडोग हे तिथे एका इंग्रज इंजिनियरचं नाव म्हणून सांगतात. कर्नल बडोगसाहेब. त्याला हा डोंगर फोडायचं काम दिलं होतं. वेळ वाचावा म्हणून त्याने दोन्ही बाजूंनी खणायला लावलं. मधे गाठ पडायची, ती पडलीच नाही. दोन टोकांनी सुरू केलेली शिवण मधे जुळत नाही ना, तसं. यात फरक किती लागतो बघा: एका बाजूने 570 मीटर खणताना दिशा एका अंशाने हुकली, तर मधे दहा मीटरचा फरक पडतो. म्हणजे भिंतच समोर येते.

सरकारने त्याला दंड केला. किती? एक रुपया. मजूरही त्याला बोल लावायला लागले. एक दिवस साहेब आपल्या कुत्र्याला घेऊन फिरायला निघाला आणि त्या बोगद्यापाशी त्याने स्वतःला संपवलं. कुत्रं धावत वस्तीकडे गेलं, माणसं आली, पण उशीर झाला होता. ही तिथली दंतकथा.

पुढे नवी जागा शोधून 33 नंबरचा बोगदा झाला, तो हॅरिंग्टन नावाच्या इंजिनियरच्या हाताखाली. त्याला वाट दाखवली चैलजवळच्या झाझा गावच्या भलकूने. हा साधा पहाडी माणूस. काठीने खडक ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि इथे खणा म्हणायचा, असं सांगतात. सिमल्यात रेल्वेचं संग्रहालय आहे, त्याला आता बाबा भलकूचं नाव दिलंय. स्टेशनाला मात्र नाव राहिलं ते ज्याचं काम फसलं त्याचं. मला हे आवडलं.

आमच्या बचत गटाच्या आम्ही नऊ जणी होतो. जुना बोगदा नव्याच्या वर, चिडाच्या झाडीत आहे. चहाच्या टपरीवरचा मुलगा वाट दाखवायला आला. पायाखाली चिडाच्या वाळलेल्या काड्या, चप्पल सारखी घसरते. तोंडाशी पोचलो तर आतून गार वारा अंगावर आला, जमिनीवर पाणी, छतातून थेंब. दहा पावलांवर उजेड संपतो. आम्ही तिथेच थांबलो. त्या मुलाने सांगितलं, दार लावलं होतं, कुलूप टिकलं नाही. आणि साहेब कुणाला धरत नाही, झपाटत नाही. कुणी एकटं भेटलं तर गप्पा मारतो. आपल्याकडचा मुंजा असा नाही बाई!

आमच्यातली एक मागे उभी होती. चार वर्षांपूर्वी तिच्या घरी असंच झालं. बँकेची नोटीस आली, चारचौघांत बोलणं झालं, आणि तिचा मालक शेतावर गेला तो परत आला नाही. तिला विचारूनच हे सांगतेय. तिने मुलाला तोडक्या हिंदीत विचारलं, "आदल्या रात्री साहेबाशी कुणी बोललं होतं का?"

मुलगा गप्प. म्हणाला, गोष्टीत फक्त कुत्रंच आहे.

दंड एकच रुपया होता, हे ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "त्या रात्री मी जवळच होते. जेवा म्हटलं. नको म्हणाले. मी ताट झाकून ठेवलं."

तेवढंच ती चार वर्षांत पहिल्यांदा बोलली होती. आपल्या केंद्रावरून 14416 हा टेलिमानसचा नंबर रोज सांगतात, घरातल्या माणसाचं मन थाऱ्यावर नसेल तर लावायचा, फुकट आहे. तिच्याकडे तेव्हा तो नंबर नव्हता.

खाली उतरताना ती बोलतच राहिली. लग्नाचं, बैलाचं, बोअरला पाणी लागलं नाही त्याचं. मधे बसायची, परत उठायची. गाडीची वेळ होत आली होती, पण कुणी तिला चल म्हटलं नाही. गाडी गेली. आम्ही रस्त्यावर येऊन बस धरली आणि अंधार पडल्यावर सोलनला पोचलो.